डोळ्यातली बाहुली

डोळे तपासायला गेलो असताना त्यांत औषधाचे थेंब घातले गेले आणि ‘प्युपिल मोठे होईपर्यंत डोळे मिटून बसा,’ अशी आज्ञा झाली. मिटल्या डोळ्यांनी करण्यासारख्या गोष्टी फार थोड्या असतात. त्यातून मला वाचनाखेरीज वेळ काढण्याची दुसरी कोणतीच सवय नाही. म्हणून त्या आज्ञेतला एक शब्दच मी घोळवत बसलो. शाळेतला विद्यार्थीही प्युपिल आणि बुबुळाच्या मधोमध असलेले काळे छिद्रही प्युपिलच, हा काय प्रकार आहे?

उत्तर मला ठाऊक होते. ते पुन्हा एकदा आठवून मनाशी खूश व्हावे, एवढाच खरे तर त्या प्रश्नाचा हेतू होता. लॅटिनमध्ये ‘प्यूपा’ म्हणजे मुलगी किंवा बाहुली. दुसऱ्याच्या पालकत्वाखाली वाढणाऱ्या पोरक्या मुलासाठी जो शब्द होता तोही ह्याच कुळातला, आणि तोच पुढे इंग्रजी शाळेत जाऊन बसला. इवलीशी बाहुली ह्या अर्थाचे रूप मात्र डोळ्यात राहिले, कारण समोरच्याच्या डोळ्यात निरखून पाहिले की तिथे आपलीच एवढीशी प्रतिमा दिसते. हे कळण्यासाठी इंग्रज मुलाला शब्दकोश उघडावा लागतो. आपण डोळ्यातल्या बाहुलीला आजही बाहुलीच म्हणतो. संस्कृतातली कनीनिका म्हणजे मुळात लहान मुलगी, आणि ग्रीकांची ‘कोरे’ही मुलगीच. मुंगूस हा प्राणी इंग्रजीत शिरला तो मराठीतले नाव बरोबर घेऊनच. ती सरळ उसनवारी झाली. बाहुलीसाठी मात्र कुणाच्या दारी जायची गरजच नव्हती, समोरच्याचा डोळा प्रत्येकाला उपलब्ध होता.

मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. डोळ्यात कुसळ गेले होते आणि आई एका हाताने माझी पापणी वर धरून दुसऱ्या हातातल्या कापडाच्या टोकाने ते टिपण्याच्या खटपटीत होती. ‘हलू नकोस, माझ्याकडे बघ,’ असे ती म्हणाली म्हणून मी बघितले, तर तिच्या डोळ्यात मोठ्या डोक्याचा आणि काडीसारख्या अंगाचा एक मुलगा उभा होता. मी रडायचेच विसरलो. तिची पापणी लवली की तो मुलगा नाहीसा होई आणि उघडली की पुन्हा त्याच जागी हजर असे; कुसळ निघाल्यावरही मी तिला बराच वेळ हलू दिले नाही.

ज्यांनी ही नावे ठेवली त्यांनी आधी असेच जवळून पाहिले असणार. इंग्रजीतला ‘मसल’ लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ छोटा उंदीर असा आहे. हात दुमडून दंड फुगवला की कातडीखाली काहीतरी पळते, त्याला रोमन लोकांनी उंदीर म्हटले. आपण त्याला बेडकुळी म्हणतो, म्हणजे बेडूक मानतो. माझे मत बेडकाच्या बाजूने आहे, कारण ती वस्तू धावत नाही, उडी मारून बसते. निदान लहानपणी माझ्या दंडात जी काही होती ती तरी बसूनच असे. ‘क्ल्यू’ म्हणजे मूळचा दोऱ्याचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसिअस चक्रव्यूहासारख्या वाड्यातून असाच दोरा धरून बाहेर आला. आपल्या बातम्यांतल्या पोलिसांच्या हातीही धागेदोरेच लागतात, ते कुठल्या वाड्यात शिरलेले नसतानाही.

सगळ्याच व्युत्पत्तींवर माझा विश्वास बसतो असे मात्र नाही. ‘सॅलरी’चा मिठाशी संबंध आहे हे खरे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच मोजून देत असत, ही पुढची गोष्ट जो तो रंगवून सांगतो आणि तिला पुरावा मात्र कुणी देत नाही. अशा वेळी मी मध्येच हरकत घेतो. त्यामुळे मला हल्ली कुणी अशा गोष्टी सांगत नाही.

घरी आलो तरी डोळ्यांवरचा अंमल उतरला नव्हता. लांबचे बरे दिसत होते, जवळचे सारे पुसट. अक्षर लागेना म्हणून खिडकीशी जाऊन बसलो आणि आपसूक ‘विंडो’ आठवला. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत ‘विंद’ म्हणजे वारा आणि ‘औगा’ म्हणजे डोळा. खिडकी हा वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे वाऱ्याची वाट म्हणून वातायन आहे आणि बैलाच्या डोळ्यावरून गवाक्ष. एकाच भोकाकडे किती जणांनी किती निगुतीने पाहिले आहे, ह्याचा विचार करीत असताना मुलगी जवळ आली आणि माझे डोळे इतके काळे का झाले आहेत, म्हणून माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आत पाहू लागली.

‘काय दिसते?’ मी विचारले.

‘खिडकी.’

‘आणि तू?’

‘आहे ना. पण खिडकीच्या मानाने अगदीच छोटी.’

मग तिने आपला डोळा माझ्यासमोर आणला आणि म्हणाली, ‘आता तुम्ही सांगा, बाबा.’ मी पुष्कळ प्रयत्न केला. पण इतक्या जवळचे मला काहीच दिसत नव्हते.