बिल्डर, बीपी आणि स्तोत्रसंहिता

आमची बिल्डिंग पुण्याच्या गुरुवार पेठेत होती, पंचहौदच्या पवित्र नाम देवालय या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. ते १८८५चं देवालय अजून ताठ उभं आहे आणि आमची पन्नाशीही न गाठलेली बिल्डिंग पुनर्विकासासाठी पाडली. नवी होईपर्यंत बिल्डर भाडं देणार असं करारात होतं. आम्ही हडपसरला राहायला गेलो. आधी भाडं वेळेवर यायचं, मग रडतखडत, मग बंदच झालं. जागेवर एक खड्डा, भोवती पत्रे आणि एक वॉचमन. मी कमिटीवर, त्यामुळे दर मीटिंगला बिल्डरच्या माणसासमोर बसणं माझ्या वाट्याला.

मी मुळातच तापट. त्यात समोरचा माणूस पेनाचं टोपण टकटक वाजवत 'काका, पुढच्या महिन्यात नक्की' म्हणाला की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, आवाज चढायचा. एकदा आवाज चढला की मुद्दा राहायचा बाजूला आणि मीटिंग मला शांत करण्यातच संपायची. बिल्डरच्या माणसाला हे फार सोयीचं होतं, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. बीपीची गोळी सुरू झाली ती याच दिवसांत.

चर्चमध्ये सल्ल्याला तोटा नव्हता. ख्रिस्ती माणसाने रागवू नये, प्रभूवर सोपवा, क्षमा करून टाका. मीही मनावर घेतलं. मीटिंगमध्ये दात आवळून बसायचो. आणि घरी परत येताना मगरपट्ट्याच्या सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला की सगळं बाहेर. घरी बायको म्हणायची, त्या बिल्डरवर ओरडत होतात तेच बरं होतं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त पाळकसाहेब (पास्टर) आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. विचारलं, प्रार्थनेत काय मागता? म्हटलं, शांती. ते म्हणाले, आणि राग आलाय हे कुणाला सांगता? देवाला सांगितलंत का? मला हसू आलं. देवापुढे बिल्डरच्या नावाने बोटं मोडायची?

त्यांनी बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचायला लावलं. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांतच दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? मला विसरलास का? मग त्यांनी १०९ काढून दिलं. त्यात तर शत्रूला सरळ शाप आहेत. लहानपणापासून संडे स्कूलला गेलेला मी, पण हे कधी कुणी आम्हाला पाठ करायला दिलं नव्हतं. २३वं मात्र झोपेतसुद्धा म्हणेन!

त्यानंतर मीटिंगच्या आदल्या रात्री गच्चीवर जाऊन मी स्तोत्र वाचायचो आणि मग माझ्या शब्दांत देवापुढे बिल्डरचा पाढा वाचायचो. थकलेल्या भाड्याच्या आकड्यासकट. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल रागावूच नका असं म्हणतच नाही. रागाच्या भरात पाप करू नका, सूर्य मावळायच्या आत राग आवरा, असं म्हणतो. मला सूर्य मावळायच्या आत जमायचं नाही, पण झोपायच्या आत जमू लागलं. भडास आधीच ओतून झालेली असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मीटिंगला जाताना छाती हलकी असायची.

पण हलकं मन घेऊन बोलायचं काय, हा प्रश्न होताच. तो सुटला लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत. बायबल अभ्यासात योहानाचा अठरावा अध्याय चालू होता. प्रभू येशू चौकशीसाठी हन्ना या याजकासमोर उभा आहे आणि एक शिपाई त्याला चपराक मारतो. दुसरा गाल पुढे करा हे त्याचंच शिक्षण, पण इथे तो गाल पुढे करत नाही, उलट मारतही नाही. तो विचारतो: मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, आणि बरोबर बोललो असेन तर का मारतोस?

मी त्या ओवीशी अडकलोच. हे गिळणं नव्हतं आणि ओरडणंही नव्हतं. अन्यायाला अन्याय म्हणणं होतं, तेही समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडून.

पुढच्या मीटिंगला कानाच्या पाळ्या गरम झाल्याच. पाण्याचा घोट घेतला, मनात 'प्रभू, दया कर' म्हटलं आणि विचारलं, करारातल्या कुठल्या कलमाखाली भाडं थांबवलंय, तेवढं दाखवा. टोपण वाजायचं थांबलं. तो फायलीत बघू लागला. मी गप्प. ती शांतता मोडायची मला केवढी घाई झाली होती! शेजारच्या कुलकर्णीकाकांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबून धरला होता. ते ख्रिस्ती नाहीत, पण त्या दिवशी माझ्या इंद्रियदमनात त्यांचा वाटा मोठा.

दर वेळी जमतं असं नाही. ना. वा. टिळकांची भजनं आम्ही गातो, आणि ते किती शीघ्रकोपी होते हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय, त्याचा मला मोठा आधार वाटतो. गोळीही चालू आहे. प्रार्थनेने बीपीची गोळी सुटली अशी साक्ष कुणी दिली की मला धास्तीच वाटते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणी बंद करू नये.

आता वकिलाची नोटीस गेली आहे, थोडं भाडं आलंय, खड्डा तसाच आहे. पाळकसाहेबांनी पुढचा धडा दिलाय: बिल्डरचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करायची. त्याचं आरोग्य, त्याची मुलंबाळं इथवर ठीक जातं. मग त्याच्या धंद्याला बरकत दे म्हणायची वेळ येते आणि मला थकबाकीचा आकडा आठवतो.