चाटी गल्लीजवळच्या जुन्या पेढीत दोन रात्री

हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री सोलापूरला उतरलो. रिक्षावाल्याला लॉजचं नाव सांगण्यापेक्षा 'चाटी गल्ली' सांगा, लगेच कळतं. शेवटचा तुकडा बोळातून सामान उचलून चालायचा आहे, त्यामुळे मोठ्या बॅगा नकोत. स्वतःची गाडी नेणार असाल तर ती कुठे लावायची ते आधी फोन करून विचारा.

चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. आम्ही उतरलो ती इमारत अशीच एक पेढी होती: पुढे दुकान, मागे गोदाम, माडीवर मालकाचं बिऱ्हाड. बाबांसाठी मुद्दाम ही जागा निवडली. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे आणि लहानपणी बाबा त्यांच्याबरोबर माल घालायला इथेच यायचे.

आत पाऊल टाकलं आणि बाबा थेट बैठकीच्या सागवानी फळीपाशी गेले. फळीच्या कडेला दोन पितळी खिळे आहेत, बरोबर एका वाराच्या, म्हणजे तीन फुटांच्या अंतरावर. नऊवारी लुगडं या खिळ्यांवर नऊ वेळा मोजलं जायचं. कमी भरलं की पैसे कापले जायचे. खिळ्यांची डोकी झिजून गुळगुळीत झालीत आणि मधलं लाकूड कापड ओढून ओढून खोलगट झालंय. आताच्या मालकांनी सगळीकडे पॉलिश केलं, ही फळी तेवढी तशीच ठेवली. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. गेलात तर ती दाखवा म्हणा, विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

पुढच्या खोल्यांत उजेड छान, पण सकाळपासून बाजाराचा गलका. मागे गोदामाच्या भिंती जाड, त्यामुळे गारवा असतो. जिना उभा आहे, लिफ्ट नाही. आम्हाला पहिल्या रात्री माडीवरची खोली दिली आणि बाबांचे गुडघे धरले. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा बादली भरून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाणार असाल तर खोली खूप आधी सांगून ठेवा. एप्रिल-मे मात्र टाळाच, पारा चाळिशीपार जातो.

सकाळी लवकर सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, भुईकोट किल्ला शेजारीच आहे. सोलापुरी चादरीला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. घेताना उलटून बघा, नक्षी दोन्ही बाजूंना उमटलेली हवी, रंग उलटे. शेंगाचटणी कुटलेली घ्या, मिक्सरची नको. कुटलेलीला तेल सुटतं, चिमटीत तिचा गोळा होतो. कडक भाकरी आठवडाभर टिकते.

खोली तळमजल्यावरची, आतल्या चौकाकडे दार असलेली मागा. बाबांनी पुढच्या वेळेसाठी तीच सांगून ठेवली आहे.