दारावर लावलेला हिशेब

एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चच्या दारातच थांबले. फुलं कोणी कधी आणायची त्या यादीशेजारी वर्षभराचा जमाखर्च लावला होता. दानार्पण किती आलं, छपराच्या दुरुस्तीला किती गेलं, गॅसचं बिल, मेणबत्त्या, सगळं. इथल्या नियमाप्रमाणे वार्षिक सभेआधी निदान सात दिवस हिशेब चर्चच्या दाराजवळ लावावाच लागतो. मी फोटो काढून आईला पाठवला.

मी इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशरमधल्या एका खेड्यात राहते. मूळची नगर जिल्ह्यातली. लहानपणी पाळकसाहेब घरी आले की आम्ही सगळे उभे राहायचो, आजोबा स्वतः खुर्ची पुसून द्यायचे. तो आदर खरा होता आणि मला तो आजही हवासा वाटतो. पण मी सातवीत असताना आईने मंडळीच्या सभेत दानार्पणाचा हिशेब विचारला. आवाज न चढवता. उत्तर आलं, "बाई, देवाच्या सेवकावर संशय घेता?" पुढे वर्षभर महिला मंडळात प्रार्थना चालवायला तिला कोणी सांगितलं नाही. ती दर रविवारी त्याच बाकावर बसत राहिली. मी मात्र त्या दिवशी एक धडा घेतला, की देवाच्या नावाने बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचा नसतो. तो धडा चुकीचा होता हे कळायला मला वयाची चाळिशी आणि परका देश लागला.

आमचे व्हिकर, म्हणजे इथले पाळक, गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि नवे अजून मिळालेले नाहीत. मला वाटलं होतं, आता बिशप कोणाला तरी पाठवतील. तसं होत नाही. चर्चची समिती आधी गावाविषयी आणि मंडळीविषयी लिहून काढते, आम्हाला कसा माणूस हवा तेही लिहिते. मग समितीने निवडलेले दोन सामान्य सभासद मुलाखतीला बसतात, आणि त्यांच्या संमतीशिवाय नेमणूक पुढे जात नाही. तोवर कारभार दोन वॉर्डन, म्हणजे निवडून आलेले सामान्य कारभारी, पाहतात. या वॉर्डनच्या निवडणुकीत गावातला कोणताही नोंदलेला मतदार मत देऊ शकतो, मग त्याचा धर्म कोणताही असो. माझ्या शेजारच्या शीख बाईंनाही हा हक्क आहे, हे सांगितलं तेव्हा त्या माझ्यापेक्षा जास्त चकित झाल्या.

समितीच्या बैठकीत एका गृहस्थांनी 'खंबीर नेता हवा' असं लिहायला सुचवलं. एक आजी म्हणाल्या, "खंबीर कोणापुढे?" बराच वेळ कोणी बोललं नाही. तो शब्द शेवटी वगळला.

इथून वाँटेज बसने जवळ आहे. तिथल्या चर्चमध्ये 29 सप्टेंबर 1883 रोजी पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मी तिथे पहिल्यांदा गेले ती श्रद्धेने, पण परतले ती त्यांच्या पत्रांचा विचार करत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण त्याच आजीबाईंना त्यांनी लिहिलं, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे खरी, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे. पुढे इंग्लंडमध्येच चेल्टनमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी आपल्या वडिलांची आणि पतीची आठवण दिली: त्या दोघांनी बायकांच्या शिकवण्याला कधी आक्षेप घेतला नव्हता. त्या वेळी त्यांनी नुकती पंचविशी ओलांडली होती आणि त्या राहण्याखाण्यासाठी याच लोकांवर अवलंबून होत्या. हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे ही परंपराच आहे खरं तर. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र संगत मांडली, तीही याच ओढीने.

म्हणून इथलं सगळं आदर्श आहे असं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडमधल्या एका अत्याचार प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला. ख्रिस्ती शिबिरांतून पुढे आलेल्या एका प्रतिष्ठित वकिलाने अनेक दशकं मुलांना आणि तरुणांना अमानुष मारहाण केली होती. पीडित शंभरावर, आणि वरिष्ठांपैकी अनेकांना ते ठाऊक होतं. कँटरबरीच्या आर्चबिशपांनी, म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला. हिशेब दारावर लावणारी मंडळी ही गोष्ट मात्र कपाटात ठेवू शकली. पैशाचा प्रश्न विचारणं सोपं असतं. ज्याच्या प्रार्थनेने आपले डोळे भरून येतात त्याच्याविषयी विचारणं अवघड, आणि तिथेच आम्ही सगळे कमी पडलो. आता आमच्या छोट्या चर्चमध्येही मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळी जबाबदार व्यक्ती आहे, आणि तिचा फोन नंबर हिशेबाच्याच फळ्यावर आहे.

आईचा फोन संध्याकाळी आला. तिने फोटो मोठा करून ओळ न् ओळ वाचली होती.

"अगं, गॅसला एवढे? कोणी विचारलं नाही?"

"सभा पुढच्या रविवारी आहे, आई."

"मग तू विचार."

मी विचारलं. खजिनदारांनी वही उघडली, चष्मा लावला आणि महिनावार आकडे वाचून दाखवले.