उपरोक्त विषयास अनुसरून

कॉन्व्हेंटमध्ये शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस सावरून बसतो आणि पुढचं वाक्य मनातल्या मनात इंग्रजीत जुळवायला लागतो. मग विचारतो, विषय कोणता? मी म्हणते, मराठी. त्याबरोबर त्याचा जीव भांड्यात पडतो आणि चेहऱ्यावर थोडी दयाही उमटते. मिठाईच्या दुकानात कुणी भाकरी विकायला बसावं, असं काहीसं त्याला वाटत असावं.

पुढचा प्रश्न जरा आवाज खाली घेऊन येतो. "तिथे तुम्हाला त्यांची प्रार्थना म्हणायला लावतात का हो?" लावत नाहीत. रोज सकाळी असेम्ब्लीत कानावर पडून ती पाठ झाली आहे, ही गोष्ट वेगळी. प्रार्थना, राष्ट्रगीत आणि २०२३ पासून राज्यगीत, असा आमचा सकाळचा क्रम. राज्यगीत बसवून घ्यायचं काम अर्थातच मराठीच्या टीचरकडे. ढोलकी नव्हती, म्हणून संगीताच्या सरांनी ते पियानोवर बसवलं. सह्याद्री त्यामुळे किंचित आल्प्ससारखा ऐकू येतो, पण मुलं दणक्यात म्हणतात. आणखी एक सांगायला हवं: प्रार्थनेबद्दल काळजीने विचारणारे हेच लोक डिसेंबर आला की हळूच फोन करतात. ॲडमिशनचे फॉर्म कधी निघणार, तुमचा सिस्टरकडे शब्द चालतो का?

शब्द चालतो, पण ॲडमिशनला नाही. माझा शब्द चालतो तो सरकारी पत्रांना.

पुण्याच्या पूर्व भागातली आमची शाळा. स्टाफरूममध्ये कोंकणी, मल्याळम, तमिळ, गोव्याचं इंग्रजी आणि कॅम्पातलं हिंदी असं सगळं ऐकू येतं. मराठी घरात बोलणाऱ्या आम्ही मोजक्याच. गेटबाहेर मात्र सगळा कारभार मराठीत, आणि शिक्षण खात्याचा तर अतिमराठीत. पत्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं आणि माहिती 'उलट टपाली' सादर करा म्हणतं. उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून आपणांस सूचित करण्यात येते की, विहित नमुन्यातील माहिती दोन प्रतींत तात्काळ सादर करावी. विलंब झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील. असं काही आलं की शिपाई वर्गाच्या दारात उभा राहतो. "टीचर, सिस्टरने बुलाया."

आमच्या प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. हिंदी शिकलेल्या, त्यामुळे देवनागरी वाचता यायची, पण वाचलेलं सगळं कळायचंच असं नाही. पत्र माझ्यापुढे सरकवून त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: "टीचर, आर दे अँग्री?"

"नाही सिस्टर, ही त्यांची नेहमीची भाषा आहे."

मग त्या सुटकेचा श्वास सोडायच्या आणि मी वाचून सांगायला लागायचे. कधी शौचालयांची संख्या हवी असायची, कधी वृक्षारोपणाचे फोटो, कधी निवडणुकीच्या कामासाठी शिक्षकांची यादी. हळूहळू माझ्या लक्षात आलं की विषय म्हणून मराठी या शाळेत आठवड्याच्या काही तासांपुरती आहे, पण शाळा महाराष्ट्रात उभी आहे ती थोडीफार माझ्या टेबलाच्या आधारावर. हे मी अर्थातच कुणाला बोलून दाखवलं नाही. व्हॅनवाले काका भाड्यावरून अडून बसले, ओपन डेला आईवडिलांऐवजी जुन्नरकडचे आजोबा आले, नगरसेवकाच्या माणसाला गोड बोलून वाटेला लावायचं असलं, की मावशी थेट माझ्याकडेच येतात. त्याबद्दल वेगळा भत्ता नाही. विनाअनुदानित शाळेत भत्ता हा शब्दच कुणी काढत नाही.

सगळंच मला पटतं असं नाही. कॉरिडॉरमध्ये 'स्पीक इन इंग्लिश' असा फलक आहे. मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना सापडलेल्या मुलाच्या कॅलेंडरमध्ये रिमार्क जातो. कॅलेंडर म्हणजे आमच्याकडे शाळेची डायरी. हाच मुलगा सुट्टी संपल्यावर माझ्या तासाला येतो आणि तिथे इंग्रजीत बोलला म्हणून मी त्याला थांबवते. त्या बिचाऱ्याने कुठल्या दारात कुठली भाषा काढून ठेवायची? हे मी मीटिंगमध्ये बोलले आहे. सगळ्यांनी मान हलवली. फलक अजून तिथेच आहे.

मराठीच्या जोडीला माझ्याकडे मॉरल सायन्सचा तासही आहे. त्या तासाला वर्गाची फाळणी होते. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला दुसऱ्या खोलीत जातात आणि उरलेली माझ्या वाट्याला येतात. घटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे कुणाला त्याच्या किंवा पालकांच्या संमतीविना धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. त्या कलमाचं आमच्याकडचं रूप म्हणजे ही बेंचांची खडखड. उरलेल्यांत हिंदू, मुसलमान, जैन, बोहरी, एखादा पारशी, सगळे असतात. एका वर्षी त्यांच्यात एक मुलगी येऊन बसली. गळ्यात छोटासा क्रूस. मी म्हटलं, "अगं, तुझा तास तिकडे आहे."

"टीचर, मी ख्रिश्चनच आहे, पण त्यांच्यातली नाही."

घर मूळचं नगरकडचं, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये जाणारं. आडनाव इतकं मराठी की हजेरीत ते वाचताना शेजारच्या दोन मुलांनीही 'प्रेझेंट' म्हणावं. शाळा कॅथलिकांची, ही प्रोटेस्टंट. बाहेरून बघणाऱ्याला सगळे ख्रिस्ती एकाच रांगेत दिसतात. आतून पाहिलं की या मुलीला बसायला जागा शोधावी लागते. ती माझ्याकडे रमली. एकदा म्हणाली, आमच्या चर्चमध्ये सगळी गाणी मराठीत असतात, टिळकांची. मागून लगेच प्रश्न आला, "लोकमान्य टिळक चर्चमध्ये जायचे?"

त्या दिवशी प्रामाणिकपणावरचा धडा बाजूला राहिला. हे टिळक वेगळे, रेव्हरंड नारायण वामन, हे सांगण्यात तास गेला. कोकणात जन्मलेला ब्राह्मण कवी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतो, नगरला राहतो, आणि अभंगाच्या, ओवीच्या चालीत ख्रिस्ताची पदं लिहितो. चर्चमध्ये टाळ वाजतात. त्यांची बाण लागलेल्या पक्षिणीची कविता आम्ही शाळेत पाठ केली होती. पण त्यांची पदं रविवारी कुणीतरी अजून गातं, हे मला त्या मुलीने सांगेपर्यंत कधी डोक्यात आलं नव्हतं. तिने एक पद म्हणूनही दाखवलं. वर्ग गप्प झाला नाही, मागच्या बाकावर कंपास पडलाच, पण ऐकलं सगळ्यांनी.

तीन जानेवारीलाही पत्र येतंच. नाताळची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलेली असते, गव्हाणीतलं गवत अजून हॉलच्या कोपऱ्यात असतं, आणि ग्रुपवर सूचना: सावित्रीबाई फुले जयंती साजरी करून फोटो पाठवावेत. भाषण माझं. पहिल्या वर्षी केरळच्या सिस्टरना मी आधी ऑफिसात सगळं समजावून सांगितलं. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू केली, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले ते याच फरारबाईंकडे. सिस्टरना फुल्यांपेक्षा फरारबाईंतच रस वाटू लागला. ही बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून एकटी निघाली, लग्न न करता इथेच राहिली आणि १८६२ मध्ये नगरलाच गेली, हे ऐकून त्या थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या. त्याही अठराव्या वर्षी घर सोडून निघालेल्या. मग म्हणाल्या, "तिला पत्रं कोण वाचून दाखवायचं?"

कुणी नाही, असं मला म्हणायचं होतं. त्या काळचे मिशनरी शाळा काढण्याआधी मराठी शिकत. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरला आणि आधी हर्णैला जाऊन भाषेच्या मागे लागला. पण हे सांगितलं असतं तर ते सिस्टरना बोलल्यासारखं झालं असतं, म्हणून मी चहाचं विचारलं.

फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला कॉन्व्हेंटमधल्या मराठी शिक्षकांचा हुकमी एक्का बाहेर निघतो: फादर स्टीफन्स. मी तो दरवर्षी टाकते, लाजत नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, ओवीत ख्रिस्तपुराण लिहितो, भाषांमधला हिरा म्हणून मराठीचं कौतुक करतो. ऐकताना पालकांचीही मान डोलते. एकदा आठवीला उत्साहाच्या भरात मी हेही सांगून बसले की ते पुराण १६१६ मध्ये छापलं तेव्हा रोमन लिपीत छापलं होतं. लगेच हात वर. "टीचर, मग आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तर मार्क का कापता?" याला उत्तर नव्हतं. मार्क मात्र मी अजून कापते.

या शाळेत ख्रिस्ती असं नक्की काय आहे, हे आता मला कुणी खरंच जाणून घ्यायला विचारलं तर मी असेम्ब्लीकडे बोट दाखवणार नाही. ग्रोटोतली मदर मेरीही नाही, डिसेंबरात स्टाफरूममध्ये डबे भरून येणाऱ्या नेवऱ्या आणि दोदोलही नाही, जरी नोकरी टिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मी बदली दाखवीन. सिस्टरांची बदली प्रॉव्हिन्शियलच्या, म्हणजे त्यांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांच्या, पत्राने होते. ते पत्र इंग्रजीत असतं, चार ओळींचं, आणि त्यात जबाबदारी सर्वस्वी कुणाची याचा उल्लेख नसतो. आमच्या सिस्टरनी नवी लायब्ररी उभी केली, प्रत्येक शेल्फच्या उंचीवरून सुताराशी वाद घातले, पुस्तकांना स्वतः कव्हरं घातली. उद्घाटन जूनमध्ये ठरलं होतं. मे महिन्यात पत्र आलं आणि त्या एक सुटकेस, एक खोका घेऊन ओडिशातल्या कुठल्याशा मिशनवर निघाल्या. थोडं थांबून जा, कळवून बघा, असं आम्हीच म्हणत होतो. त्यांना त्यात कळवण्यासारखं काही दिसत नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये कपाटाचा वरचा कप्पा बदलायचा म्हटला तर दोन दिवस अबोला असतो. माझाही असतो. आज्ञा आली की उठून चालू लागण्याची ती रीत मला थोडी भीतीदायकही वाटते, कारण अशा ठिकाणी 'का' हा प्रश्न फार कुणी विचारत नाही. पण त्या रिकाम्या खोलीत डोकावून आल्यावर माझा कप्पा मला काही दिवस फार मोठा वाटला.

जूनमध्ये नव्या सिस्टर आल्या. वसईच्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ज्या मातीतले, त्याच पट्ट्यातल्या. २०२० मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मंडपात हजर असलेल्या. पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर पत्र आलं. शिपाई दारात येईल म्हणून मी फळ्यावरचं अर्धं सोडून वाट पाहिली. तो आला नाही. मधल्या सुट्टीत मीच ऑफिसात गेले, तर पत्राची प्रिंट सिस्टरच्या पुढे होती आणि तिच्यावर लाल पेनाच्या खुणा. 'माहीती'ची दुसरी वेलांटी पहिली केलेली, 'शैक्षणीक'चीही. "बसा, टीचर," त्या म्हणाल्या. "या लोकांना ऱ्हस्व-दीर्घ कोणी शिकवलं नाही का?"

मला आनंद झाला आणि नोकरी गेल्यासारखंही वाटलं. तसं काही झालं नव्हतं. यंदा नाताळला क्वायरची निम्मी गाणी मराठीत असावीत असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते काम माझ्या नावावर लिहूनही ठेवलं होतं. मी म्हटलं, सिस्टर, मला गाता येत नाही, राज्यगीताला विचारा हवं तर. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, "गायचं मुलांनी. तुम्ही फक्त 'ळ' सांभाळा."