तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उरलेली झाडे

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत नाशिकमध्ये वृक्षारोपणाचे कार्यक्रम सतत चालू असतात. शाळा, गणेश मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सातपूर-अंबडच्या कंपन्या असे सगळेच त्यांत भाग घेतात, आणि बहुतेकांची भावना खरी असते याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र किती रोपे लावली हा आकडा दरवर्षी जाहीर होतो आणि त्यांतील किती जगली हा आकडा कोणी विचारत नाही. आमच्या वसाहतीतील ओपन स्पेसवर, म्हणजे रहिवाशांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर, शेजाऱ्यांच्या एका लहानशा गटाबरोबर काही वर्षे काम केल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की या कामात मोजण्याजोगा आकडा एकच आहे, तो म्हणजे तिसरा उन्हाळा ओलांडून उभ्या राहिलेल्या झाडांचा.

याचे कारण आपल्या हवामानात आहे. त्र्यंबकेश्वरला धो धो पाऊस पडत असला तरी तिथून अवघ्या तीस किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच पाऊस होतो आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. दसऱ्यानंतर पुढचे आठ महिने जमिनीला वरून पाणी नाही. काळ्या मातीला मार्चमध्ये भेगा पडतात आणि त्या भेगांतून मुळांभोवतीची उरलीसुरली ओलही निघून जाते. पांडवलेणी किंवा म्हसरूळकडच्या मुरमाड जमिनीत तर पाणी मुळी थांबतच नाही. पावसाळ्यात लावलेले रोप दिवाळीपर्यंत छान तरारलेले दिसते. त्याचे खरे हाल फेब्रुवारीपासून सुरू होतात आणि तोपर्यंत लावणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष उरलेले नसते.

ओपन स्पेस हा शब्द नाशिकच्या कॉलन्यांमध्ये सर्वांच्या तोंडी असतो, परंतु त्यामागची तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. राज्याच्या बहुतेक भागात २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना दहा टक्के जागा रहिवाशांच्या मोकळ्या वापरासाठी सोडावी लागते, आणि त्याआधीच्या नियमांतही अशी तरतूद होतीच. म्हणजे शहरभर विखुरलेल्या या लहान-लहान तुकड्यांवर नागरिकांचा हक्क आहे. प्रत्यक्षात त्यांतील अनेक ठिकाणी बांधकामाचा राडारोडा पडतो, गाजरगवत माजते आणि संध्याकाळी कचरा जाळला जातो. आमच्या जागेवरचे पहिले अनेक रविवार फक्त विटांचे तुकडे, काचा आणि प्लॅस्टिक उचलण्यात गेले. या टप्प्याचे छायाचित्र कोणी काढत नाही, पण माती मोकळी झाल्याशिवाय मूळ खाली जात नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी पत्र देऊन काम सुरू करावे, असा माझा सर्वांना आग्रह आहे. जागेवरून ड्रेनेजची किंवा पाण्याची लाइन जाणार आहे का, वरून वीजवाहिनी गेली आहे का, हे आधी कळले तर पाच वर्षांच्या झाडावर जेसीबी फिरण्याची वेळ येत नाही.

काय लावावे, या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण चांगल्या हेतूची सर्वांत अधिक नासाडी इथे होते. लवकर वाढणारे, फुलांनी भरणारे किंवा जनावर तोंड न लावणारे झाड हवे, या अपेक्षेतून गुलमोहर, पेल्टोफोरम, गिरिपुष्प, सुबाभूळ आणि अलीकडे कोनोकार्पस यांची रांग लागते. यांतील बरीच झाडे परदेशी आहेत. गुलमोहराचे मूळ मादागास्करमध्ये आहे. गुलमोहर आणि पेल्टोफोरम वादळात हमखास मोडतात आणि मग 'झाडे धोकादायक असतात' असे म्हणायला लोकांना निमित्त मिळते. आपल्या भागातील करंज, कडुनिंब, बहावा, वावळ, शिवण, कांचन, आपटा, पळस, पांगारा, काटेसावर, जांभूळ आणि नाल्याच्या काठाला अर्जुन व उंबर ही झाडे सुरुवातीला हळू वाढतात, पण इथले ऊन आणि इथली माती त्यांना ओळखीची असते. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात, तेव्हा त्यांवर मैना, बुलबुल आणि शिंजीर यांची जी गर्दी होते, ती कोनोकार्पसच्या कुंपणावर कधीच दिसणार नाही. ताम्हण हे राज्यपुष्प म्हणून बरेच जण आवडीने लावतात, परंतु ते ओलाव्याचे झाड आहे. मुरमावर लावून त्याचा अंत पाहू नये.

रोपे विकत घेण्यापेक्षा बिया गोळा करून रोपे करणे आमच्या गटातील काही गृहिणींनी सुरू केले आणि आता ते काम त्यांच्याइतके चांगले कोणाला जमत नाही. जांभूळ आणि कडुनिंब यांच्या बिया पडल्यापडल्या पेराव्या लागतात, ठेवल्या तर त्यांची उगवणक्षमता झपाट्याने जाते. वावळाच्या कागदासारख्या पातळ बियाही ताज्याच लावाव्यात. बहाव्याच्या बीचे कवच मात्र इतके कठीण असते की ती घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मगच मातीत टाकावी लागते. वड आणि उंबर यांच्या जाड फांद्याही पावसाळ्याच्या तोंडावर लावल्या तर मूळ धरतात. रोपवाटिकेतून रोप घ्यायचेच असेल, तर उंचीवर भुलू नये. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळे आतल्या आत गोल गुंडाळली जातात, आणि असे झाड काही वर्षांनी जोराच्या वाऱ्यात मुळासकट आडवे होते.

आता पाणी. आमच्या अनुभवाने पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा दहा ते पंधरा लिटर, दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा आणि तिसऱ्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांतून एकदा पाणी पुरते. रोज तांब्याभर पाणी घालण्याने माती फक्त वरवर ओली होते, मुळे वरच राहतात आणि पाणी देणारा माणूस लग्नकार्याला गावी गेला की झाड सुकते. थोड्या वेळा पण भरपूर पाणी दिले, तर मूळ ओल शोधत खाली जाते. बुंध्यापासून थोडे दूर आळे करावे आणि त्यावर पाल्याचा चांगला वीतभर थर द्यावा. मुळाजवळ मातीचे मडके पुरून ते भरून ठेवणे ही जुनी रीतही अतिशय उपयोगी आहे. द्राक्षबागांमुळे नाशिकमध्ये ठिबकची सामग्री आणि ती बसवणारे हात दोन्ही सहज मिळतात, शेतकऱ्यांकडून बागेतून काढलेल्या जुन्या नळ्याही मिळतात, त्यामुळे जिथे पाण्याची टाकी ठेवता येते तिथे ठिबक करावेच. पिण्याचे पाणी यासाठी वापरू नये असे मला मनापासून वाटते. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक येथे महापालिकेची मलनिस्सारण केंद्रे आहेत. तिथले प्रक्रिया केलेले पाणी झाडांना चालते. त्याचा टँकर वेळेवर मिळवण्यासाठी एप्रिल-मेमध्ये धावाधाव करण्याऐवजी डिसेंबरमध्येच अर्ज देऊन ठेवावा.

पालापाचोळा हा वादाचा विषय आहे. झाडे मोठी होऊ लागली की पाने पडणारच, आणि मग शेजारी तक्रार करतात की कचरा होतो. पाने जाळणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय जाळली ती त्या झाडाची पुढच्या वर्षीची माती असते. आम्ही जाळीचे गोल कुंपण करून त्यात पाने भरतो, अधूनमधून शेणपाणी शिंपडतो आणि चार-सहा महिन्यांत काळे, भुसभुशीत खत मिळते. तक्रार करणाऱ्या एका काकांना पहिल्या वर्षीचे खत त्यांच्या कुंड्यांसाठी दिले, तेव्हापासून ते स्वतःच्या अंगणातील पाने पोत्यात भरून आणून देतात.

माणसांचे काम झाडांच्या कामापेक्षा अवघड आहे, हे मान्य करायला हवे. ओपन स्पेसवर मुलांना क्रिकेट खेळायचे असते आणि ती मागणी न्याय्य आहे. सगळी जागा झाडांनी भरून टाकली असती, तर मुलांनी रोपे मोडली असती आणि दोष आम्ही त्यांना दिला असता. म्हणून मधला भाग मोकळा ठेवून झाडे कडेने लावली, आणि ज्या बाजूला चेंडू जास्त जातो तिथे मोठे ट्री गार्ड बसवले. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत बादल्या वाहणारी तीच मुले आहेत. जवळच्या बांधकामावर राहणाऱ्या मजुरांच्या बायका खुरपणीत आमच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. त्यांच्याकडून काम घ्यायचे तर मजुरी दिलीच पाहिजे, श्रमदानाच्या नावाखाली गरिबाचे फुकट श्रम घेऊ नयेत, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला आहे.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसे होते हे पाहायचे असेल, तर सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर जावे. ५ जून २०१५ रोजी 'आपलं पर्यावरण' संस्थेच्या पुढाकाराने हजारो नाशिककरांनी तिथे वनविभागाच्या जागेवर देशी रोपे लावली आणि आज ती जागा नाशिकची देवराई म्हणून ओळखली जाते. मला त्या एका दिवसापेक्षा नंतरच्या वर्षांचे महत्त्व अधिक वाटते. डोंगरावर पाण्याइतकाच मोठा धोका वणव्याचा असतो. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत डिसेंबरपासून वाळते, आणि एका विडीच्या थोटकाने किंवा मुद्दाम लावलेल्या काडीने वर्षांची मेहनत एका दुपारी जाते. त्यासाठी हिवाळ्यातच गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे पट्टे, काढाव्या लागतात. पांडवलेणी आणि चामरलेणीच्या डोंगरांवर सकाळी फिरायला जाणारी कितीतरी माणसे पाण्याच्या बाटल्या वर नेऊन रोपांना पाणी घालतात. त्यांनी हिवाळ्यात हातात विळा घेतला, तर त्याच रोपांना आगीपासूनही संरक्षण मिळेल.

२०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधूंच्या निवासासाठी साधुग्राम उभारताना तिथली शेकडो झाडे काढण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला आणि नाशिककर त्याविरुद्ध मोठ्या संख्येने उभे राहिले. त्या वेळी तोडलेल्या झाडांच्या कितीतरी पट रोपे इतरत्र लावू, असे आश्वासन दिले गेले. ज्याने एक झाड तिसऱ्या उन्हाळ्यापार नेले आहे, त्याला हा हिशेब पटणे शक्य नाही. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेली दुरुस्ती याबाबत बरीच समंजस आहे. पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा देताना तिने भरपाईसाठी तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी, सहा ते आठ फूट उंचीची रोपे आणि सात वर्षांची निगा यांची अट घातली आहे. सात वर्षे निगा म्हणजे सात वेळा पाणी, खुरपणी, आच्छादन आणि आळे यांचे पूर्ण चक्र, त्यासाठी माणूस आणि पैसा. आश्वासनात रोपांचा आकडा असतो. या माणसाचे नाव आणि पैशाची तरतूद नागरिकांनी लेखी मागितली पाहिजे.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबाबतही माझे हेच म्हणणे आहे. पाचशे रोपे देऊ करणाऱ्या कंपनीला आम्ही पन्नासच रोपे आणि उरलेल्या रकमेतून तीन वर्षांचा माळ्याचा पगार व ठिबक मागतो. काही जण नकार देतात. जे मान्य करतात, त्यांची झाडे आज उभी आहेत.

आमच्या गटाने यापुढे दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे उन्हाळा संपत आलेला असताना, जिवंत झाडांची नोंद करण्याचे ठरवले आहे. वहीत झाडाची जात, लावल्याचे वर्ष, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर आणि मेलेल्या रोपाचे कारण एवढेच रकाने आहेत. एका ओपन स्पेसला दोन माणसे आणि शिंप्याची एक टेप पुरते, आणि काम सकाळी नाश्त्याच्या आत उरकते. त्या नोंदीची एक प्रत उद्यान विभागाला देणार आहोत, आणि शेजारच्या कॉलन्यांनी आपापल्या नोंदी आणल्या तर जूनमध्ये कोणत्या जागेवर कोणती रोपे लावायची हे त्या वह्या समोर ठेवूनच ठरवता येईल.