तारांकित प्रश्न क्रमांक २०६

लोकसभेत विचारला जाणारा एखादा प्रश्न कागदावर उतरल्यापासून मंत्र्यांच्या तोंडी उत्तरापर्यंत कसा पोहोचतो, हे मी एका खासदारांच्या कार्यालयात संशोधन साहाय्यक म्हणून काम करताना प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले. त्याआधी लोकसभा म्हणजे दूरचित्रवाणीवर दिसणारा गोंधळ आणि अधूनमधून गाजणारे एखादे भाषण, एवढीच माझी समजूत होती. त्या एका प्रश्नाने ती बदलली, म्हणून तो सगळा अनुभव तपशिलाने लिहून ठेवत आहे.

प्रश्नाचे मूळ एका पत्रात होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध कामगाराने आमच्या खासदार ताईंना वहीच्या दोन पानांवर पत्र लिहिले होते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून, म्हणजे लोक ज्याला ‘ईपीएस ९५’ म्हणतात त्या योजनेतून, त्यांना महिना हजार रुपयांच्या आसपास रक्कम मिळत होती. मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारकडून वेतनाच्या १.१६ टक्के यांवर ही योजना चालते, आणि किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ही माहिती मी अर्ध्या दिवसात गोळा केली. पत्रात मात्र एक साधा प्रश्न होता: ‘माझ्यासारखे किती जण आहेत, हे सरकारला ठाऊक आहे का?’ ताई म्हणाल्या, “हाच प्रश्न टाकू. तू मसुदा कर.”

मी तो मसुदा मोठ्या आवेशाने केला. महागाईचे वर्णन केले, वृद्धांच्या हालांचे वर्णन केले आणि शेवटी ‘एवढ्या तुटपुंज्या रकमेत जगणे अशक्य आहे, हे सरकारला मान्य आहे काय?’ असे विचारले. आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ स्वीय सहायक, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांचे पुस्तक उघडून नियम ४१ माझ्यापुढे ठेवला. प्रश्नात युक्तिवाद नसावा, अनुमान नसावे, उपरोध नसावा, कोणावर आरोप नसावा, सरकारचे मत विचारलेले नसावे, न्यायप्रविष्ट बाब नसावी आणि सामान्यतः मजकूर १५० शब्दांपलीकडे जाऊ नये, अशा त्यातील अटी मी एकेक करून वाचत गेले तसतसे माझ्या मसुद्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य गळत गेले. “भावना भाषणात ठेवा, प्रश्नात नाही,” दादा म्हणाले. “प्रश्नात अशी गोष्ट विचारा की उत्तरात आकडा द्यावाच लागेल.”

या सल्ल्याचे मोल मला पुढे कळले. त्या संध्याकाळी आम्ही प्रश्न चार भागांत बांधला: किमान निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची राज्यनिहाय संख्या किती, ही रक्कम वाढवण्याची मागणी करणारी निवेदने सरकारकडे आली आहेत काय, त्यांवर कोणती कार्यवाही झाली आणि ती किती काळात पूर्ण होईल. सुरुवात ठरलेली असते, ‘मंत्री हे सांगण्याची कृपा करतील काय की’. या शब्दांत मला आधी केवळ सरकारी औपचारिकता वाटली होती. पण सत्तेवर बसलेल्या माणसाला उत्तर देणे भाग पाडणारे वाक्य इतके सौम्य असू शकते, याचे नंतर मला अप्रूप वाटू लागले.

नियम ३३ प्रमाणे प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, आणि त्यात सूचना देण्याचा दिवस व उत्तराचा दिवस हे दोन्ही धरत नाहीत. मंत्रालये पाच गटांत विभागून सोमवार ते शुक्रवार असे वार ठरवलेले असतात. श्रम मंत्रालयाचा वार सोमवार होता आणि आम्हाला अधिवेशनातील तिसरा सोमवार गाठायचा होता, त्यामुळे अधिवेशन सुरू होण्याआधीच सूचना जाणे आवश्यक होते. त्यानंतर सोडत असते. एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तराचे, म्हणजे तारांकित, प्रश्न केवळ २० असतात आणि लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न २३०. एका सदस्याच्या नावावर एका दिवशी एकाहून अधिक तारांकित प्रश्न येत नाही. शेकडो सूचनांमधून या वीसांत नाव लागणे हे नशीबच. ताईंचे नाव सहाव्या स्थानावर आले, तेव्हा दादांनी मला लगेच सावध केले: तासाभरात बहुतेक वेळा पाच-सात प्रश्नच तोंडी होतात, तेव्हा सहावा म्हणजे अगदी काठावरचा. वीसच्या वीस प्रश्न पुकारले गेले तो २७ नोव्हेंबर २०१९ चा दिवस बातमीचा विषय झाला होता, यावरून हे किती दुर्मीळ आहे ते समजावे.

प्रश्नांचे क्रमांक अधिवेशनभर सलग चालतात. तो बैठकीचा अकरावा दिवस होता, म्हणून आमचा प्रश्न २०६ क्रमांकाचा झाला. हिरव्या कागदावर छापलेल्या तारांकित प्रश्नांच्या यादीत ताईंचे नाव आणि त्याखाली आमचे ते चार भाग पाहिले, तेव्हा त्या निवृत्त कामगाराचे पत्र मी पुन्हा एकदा काढून वाचले.

खरी तयारी यानंतर सुरू झाली. तारांकित प्रश्नाचे वैशिष्ट्य छापील उत्तरात नसून त्यानंतरच्या पूरक प्रश्नांत आहे. मूळ प्रश्नकर्त्या सदस्याला साधारणपणे दोन पूरक प्रश्न मिळतात आणि मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. लेखी उत्तर मंत्रालय सावकाश आणि काळजीपूर्वक तयार करते, पण पूरक प्रश्नाला मंत्र्यांना जागच्या जागी उभे राहून उत्तर द्यावे लागते. संसदीय इतिहासात ही जागा महत्त्वाची ठरलेली आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांविषयी लोकसभेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांचा पाठपुरावा फिरोज गांधी यांनी केला, त्यातून न्यायमूर्ती छागला यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणूनच २०२० च्या पावसाळी अधिवेशनात महासाथीमुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नाही आणि केवळ लेखी उत्तरे दिली गेली, तेव्हा त्याबद्दल व्यक्त झालेली हळहळ मला आता पूर्ण पटते.

ताईंना पहिला पूरक प्रश्न मराठीतून विचारायचा होता. संविधानाच्या अनुच्छेद १२० मध्ये संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीतून चालेल असे म्हटले आहे, आणि ज्या सदस्याला या भाषांत नीट व्यक्त होता येत नाही त्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेतून बोलण्याची अनुमती देऊ शकतात. व्यवहारात मराठीसह इतर भाषांतून बोलणाऱ्यांसाठी दुभाषांची सोय असते, मात्र त्यांना आगाऊ कळवावे लागते. ते मी कळवले, आणि दुभाषाला अडचण येऊ नये म्हणून ताईंची वाक्ये लहान केली.

त्या सोमवारी प्रेक्षक सज्जाचा प्रवेशपास मला मिळाला. १३ डिसेंबर २०२३ रोजी प्रेक्षकांतून दोघांनी सभागृहात उडी घेतल्यानंतर सुरक्षा अधिकच कडक झालेली आहे, त्यामुळे तपासणीचे टप्पे पार करायला बराच वेळ लागला. मोबाइल, पिशवी, कागद, पेन, सगळे बाहेर ठेवायचे असते. सज्जात टिपण घेण्यास मनाई आहे, हे ठाऊक असूनही रिकाम्या हातांनी बसताना मला अस्वस्थ वाटले, कारण पूरक प्रश्नांचे शब्द मी पाठ केले होते आणि उत्तराचे शब्दही तसेच पाठ करून बाहेर न्यायचे होते.

नव्या इमारतीतील लोकसभेचे दालन मोराच्या संकल्पनेवर सजवलेले आहे आणि त्यात ८८८ आसने आहेत, तर सध्याचे सदस्य ५४३. सकाळी ११ वाजता अध्यक्ष आले, सारे उभे राहिले, अध्यक्षांनी हात जोडून सर्वांना अभिवादन केले आणि लगेच पहिला प्रश्न पुकारला गेला. त्या क्षणी माझी एकच धास्ती होती. कामकाज गोंधळात तहकूब झाले, तर न पुकारलेल्या तारांकित प्रश्नांची उत्तरे लेखी उत्तरांप्रमाणे कार्यवृत्तात छापली जातात आणि पूरक प्रश्नांचा हक्क तेथेच संपतो. मागच्या दोन बैठकांत तसेच झाले होते. त्या दिवशी काही सदस्य घोषणा देत आसनासमोरील मोकळ्या जागेत आले, अध्यक्षांनी त्यांना जागेवर जाण्यास वारंवार सांगितले, आणि काही मिनिटांनी ते परतले. या सदस्यांनाही सांगण्यासारखे काही होते, हे मी नाकारत नाही; पण आपला प्रश्न रांगेत असताना तो गोंधळ किती महाग पडतो, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले.

पहिल्या प्रश्नावर जवळजवळ १५ मिनिटे गेली. तिसऱ्या प्रश्नाचे सदस्य अनुपस्थित होते, म्हणून तो झटकन पुढे गेला, आणि त्या अनोळखी सदस्याचे मी मनोमन आभार मानले. समोरच्या घड्याळात ११ वाजून ४६ मिनिटे झाली तेव्हा अध्यक्षांनी ताईंचे नाव घेतले. ताई उठल्या आणि केवळ “प्रश्न क्रमांक २०६” एवढेच म्हणाल्या. मंत्र्यांनी निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवले असल्याचे, म्हणजे लेखी उत्तर अधिकृतपणे सादर केल्याचे, सांगितले. त्या निवेदनाची प्रत आम्ही सभागृह भरण्यापूर्वीच वाचली होती: राज्यनिहाय तक्ता होता, निवेदने आल्याचे मान्य केले होते, आणि रकमेच्या वाढीबाबत निश्चित काळ दिलेला नव्हता.

पहिल्या पूरक प्रश्नात ताईंनी त्या काळाविषयी विचारले. उत्तर सविस्तर होते, पण ते योजनेच्या निधीचे विमागणितीय मूल्यांकन, म्हणजे पुढची देणी त्या निधीतून भागतील का याचा हिशेब, आणि त्यावरील ताण यांभोवती राहिले. दुसरा पूरक प्रश्न आम्ही रात्री उशिरापर्यंत घडवला होता: आमच्या राज्यातील किमान निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपैकी साखर कारखाने, राज्य परिवहन आणि सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेल्यांची संख्या स्वतंत्रपणे किती आहे? मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे पाहिले, तेथून एक चिठ्ठी आली, ती त्यांनी वाचली आणि ते म्हणाले की ही विभागणी आत्ता उपलब्ध नाही, ती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. त्यानंतर दोन सदस्यांनी आपापल्या राज्यांबद्दल विचारले आणि ११ वाजून ५५ मिनिटांनी आमचा प्रश्न संपला. अवघी नऊ मिनिटे.

बाहेर आल्यावर मी काहीशी हिरमुसले होते, कारण आकडा मिळाला नव्हता. दादांचा चेहरा मात्र उजळला होता. “पटलावर ठेवू म्हणाले ना? मग ते आश्वासन झाले,” ते म्हणाले. सभागृहात मंत्र्यांनी दिलेली अशी वचने संसदीय कार्य मंत्रालय रोजच्या कार्यवृत्तातून वेचून काढते, संबंधित मंत्रालयाने ती तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते आणि लोकसभेची शासकीय आश्वासन समिती, जी १९५३ पासून आहे, त्यावर देखरेख ठेवते. अतारांकित प्रश्नाला आम्ही हीच विभागणी विचारली असती तर काय झाले असते, ते सांगता येणार नाही. पण उभ्याउभ्या दिलेल्या त्या एका वाक्याने आमच्या हातात एक मुदत आली होती.

उरलेला दिवस मी कार्यालयातील दूरचित्रवाणी संचावर पाहिला. १२ वाजता कागदपत्रे पटलावर ठेवली गेली. मंत्री एकामागून एक उठून कार्यसूचीतील अनुक्रमांक उच्चारत होते आणि बहुतेक सदस्य तेव्हा आपसांत बोलत होते. मग शून्य प्रहर झाला, ज्याचा नियमांच्या पुस्तकात उल्लेखही नाही, तरी जेथे सदस्य आपल्या मतदारसंघाचे रस्ते, पीकविमा आणि रेल्वेचे थांबे पोटतिडकीने मांडतात. दुपारनंतर नियम ३७७ खालील बाबी, म्हणजे सदस्यांनी मांडलेले सार्वजनिक महत्त्वाचे विषय, आणि एका विधेयकावरील चर्चा. चर्चेचा एकूण वेळ कामकाज सल्लागार समितीने आधी ठरवलेला होता. संध्याकाळी खंडवार, म्हणजे एकेका कलमावर, विचार होऊन विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, तेव्हा सभागृहातली गर्दी बरीच ओसरलेली होती. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यसंख्येचा दहावा भाग, म्हणजे ५५ सदस्य, पुरतात. लोकसभेत विधेयक संमत होण्याच्या क्षणी बाके इतकी मोकळी असावीत, याचे मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

पुढच्या अधिवेशनात रोज सकाळी कार्यसूची आली की मी सर्वांत आधी १२ वाजताची कागदपत्रे वाचत असे. एके दिवशी तेथे ती ओळ दिसली: विविध अधिवेशनांत दिलेल्या आश्वासनांवर सरकारने केलेली कार्यवाही दर्शवणारी निवेदने. त्या दिवशी राज्यमंत्री उठले, अनुक्रमांक उच्चारला आणि बसले. कोणी मान वर करून पाहिले नाही. निवेदनांच्या गठ्ठ्यात प्रश्न क्रमांक २०६ चा संदर्भ शोधायला मला तासभर लागला. जोडपत्रात तिन्ही क्षेत्रांचे वेगवेगळे आकडे होते. मी त्या पानाची प्रत काढली, साखर कारखान्यांच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि ज्यांनी पहिले पत्र लिहिले होते त्यांच्या पत्त्यावर ताईंच्या सहीच्या दोन ओळींसह त्याच दिवशी टपालाने पाठवून दिली.