लस दिली होती ना, मग? (तुम्ही विचारलंत म्हणून)
लग्नात, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मी झूमध्ये डॉक्टर आहे कळलं की प्रश्न ठरलेला. तुमच्या झूमधली ती बिबट्याची पिल्लं, लस दिली होती ना, मग मेली कशी?

दिली होती हो. बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा झूमध्ये 2023 मध्ये बिबट्याची सात पिल्लं गेली, तीही लस दिलेलीच होती. आजार पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, व्हायरसने होणारा. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि त्या कधी उतरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. आमची तर उसाच्या फडात सापडलेली, वय दातांवरून अंदाजे, आईचं दूध किती मिळालं कोणास ठाऊक.

त्यातली थोरली सकाळी खिमा हुंगून मागे सरली, जी एरवी पिल्लांना सांभाळणाऱ्या आमच्या दादांच्या बोटासकट ओढायची. दुपारी पिवळ्या उलट्या. मग पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसली, तहान दिसत होती पण पीत नव्हती. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, हा व्हायरस आतडं आणि हाडातला मगज दोन्ही एकदम धरतो. सलाईन, अँटिबायोटिक, उलटीचं इंजेक्शन, बास, थेट त्याच्यावर औषधच नाही. रात्री इतकी सुकली की शीर सापडेना, अंग गार पडायला लागलं म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, दादा म्हणाले, मॅडम आता नका टोचू तिला. मी टोचलं. पहाटे गेली. मला अजूनही वाटतं टोचायलाच हवं होतं, आणि दादांचंही काही चूक नव्हतं.

आणि ते "स्वच्छता नसणार" म्हणणारे! हा व्हायरस फरशीवर वर्षभर टिकू शकतो, स्पिरिटने मरत नाही, ब्लीच लागतं, बुटाच्या तळव्यावरून आत येतो. फूटबाथ, म्हणजे दारात बूट बुडवायचं जंतुनाशक, होता आमच्याकडे. भटकी मांजरं कुठे फूटबाथमधून येतात?

नोकरीला लागले तेव्हा मी मेलेल्या व्हायरसच्या लशीसाठी भांडायचे, कारण जिवंत लस, म्हणजे कमजोर केलेल्या पण जिवंत व्हायरसची, घरच्या मांजरांसाठी बनवलेली, बिबट्याला तिनेच आजार झाला तर काय. आता वाटतं जिवंत लस लवकर काम करते, तीच द्यावी. पण मग ती भांडणारी मुलगी विचारते, आणि त्या लशीने एखादं गेलं तर? तिला माझ्याकडे उत्तर नाही. ऊसतोड सुरू झाली की पिल्लं येणारच, आणि लशीच्या फाईलवर माझी सही अजून झालेली नाही.